वाणात आलेला कादंबरीकार

ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मला पहिल्यापासून वीट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. पानोपानी पिळदार मिशा, मोत्यांचे चौकडे, महालांतून सुटणारे उसासे, आणि लढाई आली की तीन पानं नुसता खणखणाट. हजारो माणसं महिनोन्महिने छावणीत राहतात आणि त्यातलं एकही कधी परसाकडे जात नाही. घोड्यांची लीद कोण उचलतं, मेलेला बैल कोण ओढून नेतं, याचा कुणाला पत्ता नसतो. माझे आजोबा वऱ्हाडातल्या आमच्या गावात मेलेली ढोरं ओढायचे. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी ते काम टाकलं. त्यामुळे असेल, पुस्तकात जे नाही ते मला आधी दिसतं आणि डोकं फिरतं.

अशा बाईला आमच्या मराठी मंडळाने संक्रांतीचं वाण म्हणून ऐतिहासिक कादंबरी दिली. मी राहते फरीदाबादला, नोकरी एका मंत्रालयात अनुवादाची, आणि मंडळ दिल्लीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना एखादी छोटी वस्तू द्यायची रीत असते: वाटी, कंगवा, रुमाल. मंडळाचे कार्यवाह म्हणजे निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना काका म्हणतात. त्या वर्षी त्यांनी नामी युक्ती काढली. वाचनालयाच्या खोलीत योगाच्या चटया ठेवायच्या होत्या, तेव्हा तिथली जुनी पुस्तकं सोनेरी कागदात बांधायची आणि वाण म्हणून लुटायची. "पुस्तकं घरोघरी पोचतात आणि जागाही रिकामी होते. चलो, एका दगडात दोन्ही कामं झाली," काका माइकवर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमच्याकडे हळदीकुंकू नसतं. आई असती तर तिने मला त्या हॉलच्या दारातून दंडाला धरून बाहेर काढलं असतं. पण इथे पंचवीस वर्षं काढल्यावर चार तास मराठी ऐकायला मिळावं म्हणून मी कुठेही जाते, आणि कुणी करंडा पुढे केला की कपाळ पुढे करते. तेवढ्यासाठी कशाला तमाशा, असं स्वतःला सांगते. ऑफिसात माझी जात सगळ्यांना माहीत आहे, आरक्षणाच्या रोस्टरवर लिहिलेली आहे. मंडळात कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही.

सोनेरी कागद मी पुढच्या रविवारी फाडला. आतून जो वास आला तो अजून नाकात आहे. ओल, उंदराचं मूत आणि जुनी डिंकाची खळ. पुठ्ठ्यावर कसर सळसळत होती आणि शिवणीत झुरळाचा एक वाळका पाय अडकलेला. असलं पुस्तक रिबीन बांधून, अत्तर लावून, हसत हसत हातात ठेवायचं! मी ते चिमटीत धरून गच्चीवर नेलं, उन्हात आपटलं आणि फेकायच्या आधी, सवयीने, पहिलं पान वाचलं. वाचनालयाचा शिक्का, खाली कादंबरीचा पहिला भाग असल्याची नोंद, आणि लेखकाचं नाव. ते मी कधी ऐकलं नव्हतं. प्रस्तावनेखाली गावाचं नाव होतं, वऱ्हाडातलं एक तालुक्याचं ठिकाण, आणि हुद्दा: पोस्टात कारकून. आडनावावरून तो आमच्यातला नाही हे उघड होतं.

विषय पानिपतचा. म्हटलं, झालं, आता भाऊबंदकी आणि भाले. तर पहिल्याच ओळीत एक बाई बैलाच्या मागच्या पायांना दोर बांधत होती.

ती महाराची होती. लेखकाने हे त्याच पानावर, आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. छावणीला वेढा पडलेला, चारा संपलेला, जनावरं रोज मरतायत, आणि ती व तिच्यासारखी आणखी काही माणसं ती ओढून खंदकापलीकडे नेतायत. सरदारांच्या तंबूंजवळची आधी, बाकीची नंतर. छावणीत तिला कुणी नावाने हाक मारत नाही, 'ए' म्हणतात. राखेने कितीही घासले तरी हातांचा वास जात नाही. तिचं पोर तिच्या हातची भाकरी तोंडाजवळ नेतं आणि परत करतं. पुढे पुढे तर भाकरीच नसते. पोटं फुगलेले बैल, त्यांच्यावर बसलेली गिधाडं, सगळीकडे माणसांची घाण, आणि त्यात तंबूंतून चाललेल्या मसलती. लिहिणाऱ्याने काही म्हणता काही झाकलं नव्हतं. वाचताना मला दोनदा पुस्तक मिटावं लागलं, आणि दोन्ही वेळा पुढचं मेट्रो स्टेशन यायच्या आत मी ते परत उघडलं. मेट्रोत शेजारी बसलेली मुलगी पुस्तकाच्या वासाने उठून उभी राहिली. राहू दे.

माझ्या मुलीला मी ते संध्याकाळी वाचून दाखवायला लागले. ती कॉलेजात आहे, दिल्लीतच वाढलेली. मराठी बोलते ती घरापुरती, वाचते ती बोट ठेवून. इतिहास म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, पण या बाईसाठी ती फोन बाजूला ठेवून बसायची. "आई, ही आपल्यातली आहे ना?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी हो म्हणाले. "मग शाळेत कधी का नाही सांगितलं कुणी, की आपणही होतो तिथे?" मी म्हणाले, सांगणाऱ्यांना माहीत नसेल. ती म्हणाली, "नहीं यार आई, माहीत असतं."

पहिला भाग संपतो तो अशा जागी: पहाटेचं धुकं, ती एक बैल ओढत खंदकापलीकडे जाते, दोर सोडते आणि तिच्या लक्षात येतं की आज या बाजूला पहारा नाही. पोर पाठीला बांधलेलं आहे. समोर ऊस कापून नेलेली मोकळी जमीन आहे. ती निघून जाऊ शकते. मागे छावणीतून कुणीतरी 'ए' म्हणून ओरडतं. संपलं.

"वो निकल गई क्या?" मुलीने विचारलं. तेच मलाही कळायला हवं होतं, तेवढंच. इतक्या वर्षांत वाचलेल्या पुस्तकांतल्या कुठल्याही राणीचं पुढे काय झालं याची मला फिकीर नव्हती. हिचं काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. आणि वाचनालयात दुसरा भाग असलाच, तर तो आता दिल्लीच्या आसपास कुणाच्या तरी घरात सोनेरी कागदात पडलेला असणार होता.

काकांना फोन केला. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं याची यादी? अशी यादी कशी असेल, ताई, गठ्ठ्यातून उचलून दिली. वाचनालयाची नोंदवही? ती रद्दीत गेली. "तुम्हाला दुसरी एखादी कादंबरी देऊ का? नवीन आहे, रंगीत कव्हर," असं ते वर म्हणाले. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल एकाने जोडलेले हात पाठवले, एकीने सूर्योदय आणि सुप्रभात. शेवटी मी एकेकीला फोन करायला लागले आणि सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरायला.

काय अवस्थेत सापडली ती पुस्तकं! मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. गुडगावला एका चकचकीत फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन हलू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली एक कादंबरी होती, पाणी पिऊन दुप्पट फुगलेली. ती याच लेखकाची निघाली. दिल्लीतल्या द्वारकेला एकीने शंकरपाळी तळताना तेल निथळायला पानं वापरली होती. "जुनंच होतं ना ते," ती म्हणाली, आणि त्यातलीच शंकरपाळी मला बशीत दिली. तळाशी अक्षरं उमटलेली होती. मी खाल्ली नाहीत. उरलेलं पुस्तक मागून घेतलं, तर तेही त्याचंच होतं.

अशी तीन-चार पुस्तकं जमली आणि हा पोस्टातला माणूस मला थोडा थोडा दिसायला लागला. मशीनखालची कादंबरी होती हिंदूराव या मराठा सरदाराच्या, दिल्लीतल्या टेकडीवरच्या कोठीत राबणाऱ्या एका आचाऱ्याची. आज तिथे मोठं हॉस्पिटल आहे, माझे टाके तिथेच पडले, पण त्या टेकडीवर कधी मराठी स्वयंपाकघर असू शकेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. तो आचारी वरणावर सांबार पेरतो. माझी मुलगी हसून हसून लोळली, दीडदोनशे वर्षांपूर्वी सांबार! तेव्हा तिला सांगावं लागलं की आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिची आजी म्हणायची. दुसरी कादंबरी विनोदी होती. दिल्ली दरबारात बसलेला एक मराठी वकील घरी जायला रजा मिळावी म्हणून सातशे मैलांवर पुण्याला पत्रं पाठवत राहतो, आणि रजा मंजूर होऊन येते तेव्हा ती मंजूर करणारा मेलेला असतो. सरकारी नोकरीतल्या माणसाने ती एकट्याने वाचू नये, शेजारच्याला वाटेल वेड लागलं. आणि तळणातली कादंबरी मात्र निव्वळ गाळ होती. रत्नजडित पलंग, चंद्रप्रकाश, कुणा सरदाराची विरहाने फिकुटलेली बायको. तेलाने तिचं काही नुकसान झालेलं नव्हतं. मला कळेना, हा माणूस एवढं चांगलं लिहितो आणि हा चिखल का कालवतो?

दुसरा भाग नोएडाला सापडला. तिथल्या काकू, मंडळातल्या सर्वांत प्रेमळ बाई. मंडी हाऊसला मेट्रो बदलून मी पोचले तर पोहे तयार, आणि मागच्या वाणाचं पुस्तक सोनेरी कागदासकट कपाटात. पुढच्या वर्षी कुणाला तरी द्यायला जपून ठेवलं होतं! "घ्या हो ताई, तुम्हाला आवड आहे," त्या म्हणाल्या. मग माहेर कुठलं, तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या, असं विचारत राहिल्या. मी पोह्यांची तारीफ केली. त्या लगेच आणखी वाढायला उठल्या आणि प्रश्न तिथेच राहिला. असं मला चांगलं जमतं.

परतीच्या मेट्रोतच कागद फाडला. आधी प्रस्तावना होती. पहिल्या भागातल्या अमंगळ वर्णनांमुळे पुष्कळ रसिकांची मनं दुखावली, अशी पत्रं आली, आणि एका थोर विद्वानांनी कानउघाडणी केली, असं लेखकाने लिहिलं होतं. त्याबद्दल तो हात जोडून क्षमा मागत होता. कुणाचं मन दुखवावं असा आपला हेतू नव्हता, या भागात वाचकांना मराठी मनगटाचं तेज तेवढं दिसेल, असं त्याने आश्वासन दिलं होतं. आणि दिसलंच. मिशा, चौकडे, खणखणाट. ती अकराव्या पानावर आली. खंदकाजवळ काम करणारी एक बाई आदल्या दिवशी तापाने मेली, असं एका वाक्याच्या पोटात म्हटलं होतं, आणि उरलेलं वाक्य एका घोड्याबद्दल होतं.

पोराचं काय झालं तेही नाही.

मला खरोखर उमासा आला. उंदराच्या मुताचा आला नव्हता इतका. घाण लिहिली म्हणून नव्हे, ती धुऊन काढली म्हणून. स्वतःच जिवंत केलेल्या बाईला चार पत्रांच्या भीतीने अर्ध्या वाक्यात मारून टाकायचं आणि वर हात जोडायचे! घरी येऊन मुलीला सांगितलं, प्रस्तावनाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "कायर है." मी म्हणाले, भित्रा, शेणात तोंड घालणारा. पुढचे तीन महिने आमच्या घरात त्या माणसाला दुसरं नाव नव्हतं.

मग जानेवारी आला. मंडळाची बस दर वर्षी काला अंबला जाते, पानिपतच्या स्मारकाला फुलं वाहतात, कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतं. काकांनी मला विचारलं, कारण माझं ते पुस्तकवेड आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी हो म्हणाले आणि मनात म्हटलं, आता बघा. पहिल्या भागातलं पहिलं पान आणि शेवटचं प्रकरण वाचायचं, जसं आहे तसं, बैलासकट, गिधाडांसकट, तिच्या जातीसकट. तिला त्याने मारलं असलं तरी त्या जमिनीवर, त्या लोकांसमोर ती एकदा उभी राहील. मुलीने ती पानं फोनवर स्वतः टाइप केली, एकेक जोडाक्षर शोधत, आणि पहिल्यांदाच आमच्याबरोबर बसमध्ये बसली.

काका बसमध्ये एवढंच म्हणाले, "ताई, जरा सोबर ठेवा हं. नंतर मुरथलच्या ढाब्यावर पराठे आहेत."

धुकं इतकं की स्तंभाचा वरचा भाग दिसत नव्हता. भगवे फेटे, सेल्फी, लाउडस्पीकरची कुईकुई. मी माइकसमोर उभी राहिले. पुढच्या रांगेत काकू शाल लपेटून, आधीच ओल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कागदावर सगळं होतं. मी वाचायला सुरुवात केली, एक बाई दोर बांधत होती, आणि त्याच्या पुढच्या, तिची जात सांगणाऱ्या वाक्याशी आले. मला कुणी अडवलं नाही. कुणाला काही माहीतही नव्हतं. माझे डोळे त्या वाक्यावरून घसरून खालच्या ओळीवर गेले, आणि एकदा घसरल्यावर मग घसरतच राहिले. बैल वाचायचा राहिला. 'ए' राहिलं. हातांचा वास राहिला. वाचून झालं ते एवढंच: धुकं, पाठीला पोर, एकटी बाई आणि समोर मोकळी जमीन. फार सुंदर झालं. टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "क्या बात है!" माझी मुलगी मागे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही.

मुरथलला पराठ्यांवर लोण्याचे गोळे वितळत होते आणि मंडळी आग्रह करकरून खात होती. मला ते लोणी बघवेना.

बस निघाल्यावर पुढच्या सीटवरून काकू वळल्या. "काय वाचलंत हो ताई! अंगावर काटा आला. पण ती बाई कोण होती? एवढं धैर्य म्हणजे चांगल्या घरातली असणार, नाही का?"

मी म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही, काकू."

"अच्छा," त्या म्हणाल्या, माझा हात दाबला आणि पुढे वळल्या.

शेजारून मुलगी म्हणाली, "आई, लिहिलंय."

"हळू बोल."

"पहिल्याच पानावर लिहिलंय. मीच टाइप केलं. क्यों नहीं पढ़ा?"

"अगं, त्या किती प्रेमाने विचारत होत्या. उगाच कशाला कुणाचं मन दुखवायचं?"

हे वाक्य तिने ऐकलेलं होतं, मीच तिला ते छापलेल्या प्रस्तावनेतून वाचून दाखवलं होतं, नाक मुरडत. मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं, ते फरीदाबाद येईपर्यंत. मला माझ्या तोंडाची शिसारी आली. तीन महिने मी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. त्याने निदान एकदा ते छापलं होतं, स्वतःच्या नावानिशी, आणि ती त्याची कुणी लागत नव्हती.